गाणे ओठांवर, शब्द अडलेला : मेंदूची इजा आणि संगीताची मदत

पन्हाळा हे मोरोपंतांचे जन्मगाव. मोरेश्वर रामचंद्र पराडकर ऊर्फ मोरोपंत यांचा जन्म १७२९ मध्ये या गडावर झाला. केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे त्यांनी येथेच अध्ययन केले व पुढे बारामतीस जाऊन आपली प्रचंड काव्यरचना सिद्ध केली. त्यांच्या आर्या कीर्तनकारांनी महाराष्ट्रभर गाजवल्या. 'केकावली'तील श्लोक कित्येक पिढ्यांनी शाळेत आणि घरी तोंडपाठ केले. गडावर फिरायला येणाऱ्या पर्यटकांना तीन दरवाजा, अंबरखाना आणि सज्जाकोठी पाहताना कवीची आठवण क्वचितच होत असेल. पण मेंदूला इजा झालेल्या रुग्णाच्या बाबतीत हे लहानपणी पाठ केलेले, चालीवर म्हटलेले काव्य एका वेगळ्याच अर्थाने महत्त्वाचे ठरते.

पन्हाळा तालुक्यातीलच नव्हे, तर महाराष्ट्रातील असंख्य घरांत घडणारा प्रसंग असा. घरातील कर्त्या माणसाला पक्षाघाताचा झटका येतो. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडतो, वाचा जाते. रुग्णालयातून घरी आल्यावर समोर पाण्याचा तांब्या असूनही त्याला 'पाणी' हा शब्द उच्चारता येत नाही. तो हाताने खुणा करतो, चिडतो, रडतो. मग एखाद्या संध्याकाळी देवघरात आरती सुरू होते आणि कोपऱ्यातल्या खाटेवरून त्याचाही आवाज येऊ लागतो. शब्द बव्हंशी स्पष्ट, चाल बिनचूक. घरातील सारेजण थक्क होतात. 'वाचा परत आली' असे शेजारीपाजारी सांगितले जाते, नवस फेडण्याच्या गोष्टी निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तोच माणूस पुन्हा तांब्याकडे बोट दाखवत मूक बसलेला असतो.

येथे घरचे लोक दोन प्रकारे चुकतात. काहींना वाटते की आता सारे आपोआप सुरळीत होईल, म्हणून ते उपचार थांबवतात. काहींना वाटते की रुग्ण हट्टीपणा करतो आहे. आरती म्हणता येते तर पाणी का मागता येत नाही, असे ते त्याला विचारतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोहोंची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

बोलणे आणि गाणे यांचे मार्ग

मेंदूच्या इजेमुळे भाषा वापरण्याची क्षमता कमी होणे किंवा जाणे याला 'अ‍ॅफेजिया' म्हणतात. मराठीत त्यासाठी वाचाघात हा शब्द रूढ होत आहे. पक्षाघात, अपघातात डोक्याला बसलेला मार, मेंदूतील गाठ किंवा मेंदूज्वर यांपैकी कशानेही तो होऊ शकतो. येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. वाचाघात म्हणजे आवाज जाणे नव्हे. कोल्हापूर दरबारचे गायक उस्ताद अल्लादियाखाँ यांचा आवाज ऐन उमेदीत बिघडला आणि त्या बिघडलेल्या आवाजाला साजेशी नवी गायकी त्यांनी घडवली, ही कथा कोल्हापूरकरांना परिचित आहे. तो प्रश्न गळ्याचा होता. वाचाघातात गळा, जीभ, स्वरयंत्र बहुधा शाबूत असतात. बिघाड झालेला असतो तो शब्द शोधणाऱ्या, जुळवणाऱ्या आणि उच्चाराची आज्ञा देणाऱ्या मेंदूतील यंत्रणेत.

बहुसंख्य माणसांत ही यंत्रणा मेंदूच्या डाव्या भागात असते. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये अशा एका रुग्णाच्या मेंदूची तपासणी करून डाव्या पुढच्या भागातील इजा दाखवून दिली. त्या रुग्णाला 'टॅन' या एका ध्वनीखेरीज फारसे काही बोलता येत नसे. त्याच्याही सुमारे शतकभर आधी, १७४५ मध्ये, ओलोफ दालिन या स्वीडिश लेखकाने एका तरुणाची हकिकत नोंदवून ठेवली होती. आजारानंतर या तरुणाची वाचा गेली होती, परंतु चर्चमधील परिचित स्तोत्रे तो इतरांबरोबर स्पष्ट गाऊ शकत असे. म्हणजे आपल्याकडील आरतीचा प्रसंग युरोपात पावणेतीनशे वर्षांपूर्वी लेखी नोंदला गेला आहे.

याचे सोपे स्पष्टीकरण म्हणून 'भाषा डाव्या मेंदूत आणि संगीत उजव्या मेंदूत' असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. सुरांची जाण, ताल, गाण्याशी निगडित आठवणी आणि भावना यांसाठी मेंदूच्या दोन्ही बाजूंचे अनेक भाग एकत्र काम करतात. म्हणूनच एका ठिकाणी इजा झाली तरी संगीताचा सारा व्यवहार सहसा कोलमडत नाही. दुसरे असे की, आरती, पाढे, वारांची नावे, शिव्या आणि 'राम राम' यांसारखी ठरीव वचने प्रत्येक वेळी नव्याने जुळवावी लागत नाहीत. ती एखाद्या अखंड साखळीसारखी साठवलेली असतात आणि पहिली कडी हलली की पुढच्या आपोआप येतात. 'मला पाणी पाहिजे' हे वाक्य मात्र त्या क्षणी नवे घडवावे लागते. चिडलेला रुग्ण साधा शब्द बोलू शकत नाही, पण शिवी मात्र खणखणीत देतो, याचे कारणही हेच. घरच्यांनी त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

जर्मनीतील लाइपझिग येथील मॅक्स प्लँक संस्थेतील बेंजामिन श्टाल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १७ रुग्णांवर केलेला अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. गाण्यातील सुरांपेक्षा ताल आणि शब्दांची पूर्वओळख यांचाच बोलण्याला अधिक आधार मिळतो, असे त्यात दिसून आले. हा निष्कर्ष मराठी वाचकाला फारसा नवखा वाटू नये. मोरोपंतांच्या आर्या बहुतांशी 'गीती' या प्रकारातल्या आहेत. १२ मात्रा, मग १८, पुन्हा १२, पुन्हा १८. या मोजणीत एक मात्रा चुकली तरी म्हणणाऱ्याच्या जिभेला ते आधी कळते. असे बांधीव शब्द स्मरणात किती खोल रुतत असतील, हे ज्यांनी लहानपणी ते घोकले त्यांनाच ठाऊक.

आरतीपासून 'पाणी दे' पर्यंत

मग या टिकून राहिलेल्या गाण्याचा उपयोग हरवलेले बोलणे परत आणण्यासाठी करता येईल काय? बोस्टनमधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या मार्टिन अल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स आणि नॅन्सी हेल्म यांनी १९७३ मध्ये या प्रश्नाचे उत्तर म्हणून एक उपचारपद्धती मांडली. तिचे नाव 'मेलोडिक इन्टोनेशन थेरपी'. यात रुग्णाला गाणी म्हणायला लावत नाहीत, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. रोजच्या गरजेची छोटी वाक्ये घेऊन ती फक्त दोन सुरांत, एक उंच आणि एक खालचा, संथपणे म्हणवून घेतली जातात.

प्रत्यक्षात हे असे चालते. उपचारतज्ज्ञ रुग्णासमोर बसून त्याचा डावा हात आपल्या हातात घेतो. आधी केवळ गुणगुणून वाक्याची चाल ऐकवतो आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या हाताने टेबलावर ठोका देतो. मग दोघे मिळून वाक्य म्हणतात. नंतर तज्ज्ञ मध्येच आपला आवाज काढून घेतो आणि रुग्णाने एकट्याने वाक्य पुरे करायचे असते. त्यापुढे तज्ज्ञाने म्हणून दाखवायचे आणि रुग्णाने मागून म्हणायचे. अखेरीस 'काय पाहिजे?' असा प्रश्न विचारून तेच वाक्य उत्तर म्हणून काढून घ्यायचे. हे साधले की सूर हळूहळू सपाट करत नेहमीच्या बोलण्याकडे यायचे. ठोके डाव्या हाताने देण्याचे एक कारण व्यावहारिक आहे, कारण उजवा हात बहुधा लुळा असतो. दुसरे असे की, डाव्या हाताची हालचाल मेंदूच्या उजव्या, न दुखावलेल्या भागाला कामाला लावते, असे मानले जाते.

ही पद्धत इंग्रजीसाठी तयार झाली. इंग्रजी शब्दांत ज्या अक्षरावर आघात पडतो तेथे वरचा सूर लावला जातो. मराठीत तसा ठळक आघात नाही. आपल्याकडे उच्चाराला वळण मिळते ते ऱ्हस्व-दीर्घाने आणि वाक्याच्या लकबीने. त्यामुळे इंग्रजी वाक्यांचे नुसते भाषांतर करून भागत नाही, चाल नव्याने बसवावी लागते. त्याहून महत्त्वाची बाब वाक्यांच्या निवडीची. ज्या घरात 'च्या दे की' असे बोलले जाते, तेथील रुग्णाला 'मला चहा हवा आहे' हे पुस्तकी वाक्य शिकवण्यात अर्थ नाही. जे वाक्य तो आयुष्यभर दिवसातून दहा वेळा बोलत आला, तेच त्याच्या तोंडी लवकर बसण्याची शक्यता अधिक. ही वाक्ये तज्ज्ञाला ठाऊक नसतात. ती घरच्यांनीच लिहून द्यायची असतात, आणि हे काम घरातील सुनेला किंवा नातवंडाला तज्ज्ञापेक्षा चांगले जमते.

या उपचाराला लागणारा वेळ मात्र सामान्य कुटुंबाला दडपण आणणारा आहे. अमेरिकेतील संशोधक गॉटफ्रीड श्लॉग यांच्या गटाने २००९ मध्ये सहा रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांत रोज दीड तास, आठवड्यातून पाच दिवस, अशी ७५ हून अधिक सत्रे झाली होती. उपचारांनंतर मेंदूच्या उजव्या बाजूस, ऐकण्याचे आणि उच्चाराचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यात वाढ झाल्याचे स्कॅनवर दिसले. सहा ही संख्या लहान आहे हे खरे. परंतु प्रौढ मेंदू नवी वाट तयार करू शकतो, याचा तो दृश्य पुरावा मानला जातो. नेदरलँड्समधील दोन अभ्यासांनी त्यात एक इशारा जोडला. पक्षाघातानंतर पहिल्या काही महिन्यांत ही पद्धत वापरलेल्या २७ रुग्णांच्या गटात (२०१४) लाभ दिसला. दुखणे जुने झालेल्या रुग्णांत (२०१६) मात्र तो सराव केलेल्या वाक्यांपुरताच राहिला. आरती ऐकून 'आता होईल आपोआप' म्हणत दवडलेले महिने महाग पडतात ते यासाठी.

जगभर या उपचाराची ओळख झाली ती अमेरिकी काँग्रेसच्या तत्कालीन सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यामुळे. ८ जानेवारी २०११ रोजी टूसॉन येथे त्यांच्या डोक्यात गोळी झाडण्यात आली. गोळी मेंदूच्या डाव्या भागातून आरपार गेली. ह्यूस्टन येथील पुनर्वसन रुग्णालयात त्यांच्यावर वाचोपचारांच्या जोडीने संगीतोपचार झाले. सुरुवातीला शब्द केवळ गाण्यातून निघत. पुढे छोटी वाक्ये आली. त्यांचे बोलणे आजही अडखळत होते आणि वाचाघात संपलेला नाही, असे त्या स्वतः जाहीरपणे सांगतात. ही बाजू प्रेरणादायी कथांमध्ये बऱ्याचदा वगळली जाते.

हलगीच्या ठेक्यावर पाऊल

बोलण्यापेक्षा चालण्याच्या बाबतीत संगीताचा पुरावा अधिक भक्कम आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठात मायकेल थाउट यांनी १९९० च्या दशकात 'रिदमिक ऑडिटरी स्टिम्युलेशन' ही पद्धत विकसित केली. नाव भारदस्त असले तरी कल्पना आपल्या ओळखीची आहे. ठोका ऐकू आला की पाऊल त्यावर पडू पाहते. पंढरीच्या वाटेवर टाळ-मृदंगाच्या गजरात मैलोन्‌मैल चालणाऱ्या वारकऱ्याला किंवा पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती करणाऱ्या तरुणाला याचा अनुभव असतोच.

पक्षाघातानंतर चालताना एक पाऊल लांब आणि एक आखूड पडते, तोल जातो, वेग मंदावतो. या पद्धतीत आधी रुग्णाची स्वाभाविक पावले मिनिटाला किती पडतात हे मोजले जाते. तितक्याच गतीचा ठोका लावून त्यावर चालवले जाते. चाल स्थिर झाली की ठोका थोडा, सुमारे पाच ते दहा टक्क्यांनी, जलद केला जातो. येणारा ठोका मेंदूला आधीच कळलेला असल्याने स्नायूंना तयारीला अवधी मिळतो. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. मोबाइलमधील मेट्रोनोम पुरतो, टाळ चालतो. कोल्हापूर भागात हलगी घरोघरी परिचित असली तरी तिचा कडकडाट आणि चढती लय आजारी माणसाला मानवेलच असे नाही. भजनी ठेक्याची संथ गती यासाठी अधिक योग्य. मात्र सुरुवातीचे दिवस फिजिओथेरपिस्ट सोबत असल्याखेरीज हा प्रयोग करू नये. ठेक्याच्या नादात रुग्ण पडला आणि खुब्याचे हाड मोडले, तर मूळ दुखण्यापेक्षा ते जड जाते.

वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये मेंदूच्या इजेनंतरच्या संगीतोपचारांवरील २९ चाचण्या तपासल्या. त्यांत एकूण ७७५ रुग्ण होते. तालाच्या आधारे चालण्याचा सराव करणाऱ्यांचा वेग इतरांपेक्षा मिनिटाला सरासरी अकरा मीटरांनी अधिक आढळला. घरातून शौचालयापर्यंत किंवा गल्लीच्या तोंडापर्यंत एकट्याने जाणे ज्याला अवघड झाले आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. हाताच्या हालचाली, संवाद आणि जीवनमान यांतही काही लाभ दिसला. तथापि यांपैकी अनेक चाचण्या लहान व सदोष असून अधिक काटेकोर अभ्यासांची गरज आहे, असेही आढाव्यात स्पष्ट म्हटले आहे.

हाताच्या बाबतीत जर्मनीत २००७ मध्ये झालेला प्रयोग आपल्याकडे सहज करण्याजोगा आहे. पक्षाघाताच्या २० रुग्णांना तीन आठवड्यांत अर्ध्या अर्ध्या तासाची १५ सत्रे देण्यात आली. त्यांत पियानोच्या पट्ट्या आणि ड्रमच्या चकत्या वाजवायला शिकवले गेले. वाद्याचा लाभ असा की, बोट बरोबर पडले की नाही हे कानाला तत्क्षणी कळते. आपल्याकडे पेटी आहे. उजवा हात दुबळा असेल तर डाव्या हाताने भाता आणि उजव्याच्या बोटांनी सा, रे, ग. गावातील भजनी मंडळाची पेटी दुपारी रिकामीच असते.

डोक्याला मार बसलेला तरुण

आतापर्यंतची चर्चा प्रामुख्याने पक्षाघाताची झाली. अपघातात डोक्याला मार बसलेल्या रुग्णाचे चित्र बरेचसे निराळे असते आणि त्याविषयी लोकांत माहितीही कमी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४ लाख ४३ हजारांहून अधिक जखमी झाली. हेल्मेटविना दुचाकीवरून पडलेला विशी-तिशीतील तरुण शस्त्रक्रियेनंतर वाचतो, चालू-बोलू लागतो, नातेवाईक सुटकेचा नि:श्वास सोडतात. त्यानंतर ध्यानात येते की, हा पूर्वीचा मुलगा नाही. त्याचे लक्ष लागत नाही. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळता येत नाही. क्षुल्लक कारणावरून तो भडकतो, नोकरीवर टिकत नाही. मार बसताना मेंदू कवटीत हेलकावतो आणि विशेषतः पुढचा भाग व दूरवर पसरलेले तंतू दुखावतात, त्याचा हा परिणाम.

फिनलंडमधील संशोधकांनी अशा ४० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध केले. तीन महिन्यांत २० सत्रे, त्यांत तालवाद्ये आणि पियानोचा सराव. ठेका धरणे, तो बदलणे, दोन हातांनी दोन निरनिराळ्या गोष्टी करणे, थांबणे, पुन्हा उचलणे. या रुग्णांची एका कामावरून दुसऱ्यावर वळण्याची क्षमता सुधारली आणि मेंदूच्या उजव्या पुढच्या भागातील करड्या द्रव्याचे आकारमान वाढल्याचे आढळले. तबल्याच्या पहिल्या वर्गात गुरुजी विद्यार्थ्याकडून हाताने टाळी-खाली दाखवत तोंडाने बोल म्हणवून घेतात, दुगुन करायला लावतात. लक्ष, स्मरण आणि स्वतःला आवरणे या तिन्हींची तालीम त्यात आपसूक होते. भारतीय तालपद्धतीचा अशा पुनर्वसनासाठी कसा उपयोग होईल, हा अभ्यासाचा मोठा विषय आहे. बंगळुरू येथील 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेत डॉ. शांतला हेगडे यांनी संगीत आणि मेंदू यांच्या संबंधांचे संशोधन उभे केले असून, डोक्याला मार बसलेल्या रुग्णांसाठी संगीताधारित पुनर्वसनाची मांडणी त्यांनी २०१४ मध्येच केली होती.

या रुग्णांच्या बाबतीत एक सावधगिरी विशेष महत्त्वाची. शुद्धीवर येताना बरेच जण काही दिवस गोंधळलेल्या, अस्वस्थ अवस्थेत असतात. त्या काळात कानाशी अखंड भजने किंवा फिल्मी गाणी लावून ठेवण्याने अस्वस्थता वाढण्याची शक्यता असते. खोलीत दूरचित्रवाणी चालू, एकाच्या मोबाइलवर एक गाणे, दुसऱ्याच्या मोबाइलवर दुसरे आणि भेटायला आलेल्यांचा गलका, हे आपल्याकडील वॉर्डांतील नेहमीचे दृश्य. दिवसातून एक-दोनदा, थोडा वेळ, त्याच्या आवडीचे एखादे गाणे हलक्या आवाजात, मग शांतता. क्वचित काही रुग्णांना विशिष्ट संगीताने फिट येते. फिटचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी विचारावे.

नुसते ऐकण्याने काय होते?

ज्या कुटुंबांना तज्ज्ञाकडे वारंवार जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी हेलसिंकीतील २००८ चा अभ्यास दिलासा देणारा आहे. तेप्पो सार्कामो आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या ६० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाने दोन महिने रोज किमान तासभर आपल्या आवडीचे संगीत ऐकले, दुसऱ्याने ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकली, तिसऱ्याला नेहमीचेच उपचार मिळाले. तीन महिन्यांनंतर संगीत ऐकणाऱ्यांची शब्दस्मृती ६० टक्क्यांनी सुधारली होती. नुसत्या उपचारांच्या गटात २९ आणि पुस्तकांच्या गटात १८ टक्के. संगीत ऐकणाऱ्यांत खिन्नताही कमी होती. यात कोणताही ठरावीक राग नव्हता. ज्याला जे आवडते ते. नव्वदच्या दशकापासून बाजारात आलेल्या 'अमुक राग, तमुक रोग' छापाच्या कॅसेट आणि सीडींना या संशोधनातून आधार मिळत नाही. शेतात राबलेल्या आजीला भूपापेक्षा जात्यावरची ओवी जवळची वाटेल. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी ग्रामीण महाराष्ट्रातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्या मौखिक ठेव्यातील कितीतरी आज सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांच्या स्मरणात जिवंत आहेत.

मोठ्या कलावंतांची उदाहरणे या विषयात हमखास दिली जातात. पं. भीमसेन जोशी यांच्या मेंदूतील गाठीवर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरही ते गायले आणि २००७ च्या सवाई गंधर्व महोत्सवात रसिकांनी त्यांना ऐकले. रशियन संगीतकार विसारिओन शेबालिन यांना १९५३ व १९५९ मध्ये पक्षाघाताचे झटके येऊन भाषा जवळजवळ हरपली, तरी त्यांनी पाचवी सिंफनी पूर्ण केली. इंग्लंडमधील क्लाइव्ह वेअरिंग यांची स्मरणशक्ती १९८५ मधील मेंदूज्वराने इतकी गेली की, काही क्षणांपूर्वीचे त्यांना आठवत नाही. पियानो मात्र ते वाजवू शकत. या घटना विलक्षण आहेत. परंतु आयुष्यभराच्या साधनेने मुरलेले संगीत इजेतूनही टिकू शकते, एवढेच त्या सांगतात. संगीताने इजा बरी केली असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

गडावरून खाली

पन्हाळ्याहून कोल्हापूर सुमारे २० किलोमीटर. अंतर फार नाही. पण अर्धांग लुळे पडलेल्या माणसाला आठवड्यातून पाच दिवस घाट उतरवून न्यायचे म्हणजे वाहन, सोबतीला एक धडधाकट माणूस आणि त्याचा बुडालेला रोजगार. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडाचा मुख्य रस्ता खचून वाहतूक बंद पडली, तेव्हा तर साध्या औषधपाण्याचीही पंचाईत झाली होती. त्यामुळे काही कामे तज्ज्ञाने करावीत आणि काही घरी व्हावीत, अशी विभागणी अपरिहार्य ठरते.

पक्षाघाताची लक्षणे दिसताच, म्हणजे तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, रुग्णाला तात्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. संगीताचा प्रश्न त्यानंतरचा. प्रकृती स्थिरावली की वाचाउपचारतज्ज्ञाची, म्हणजेच स्पीच थेरपिस्टची, तपासणी करून घ्यावी. वाचाघाताचे प्रकार अनेक आहेत. समजते पण बोलता येत नाही अशा रुग्णाला सुरांच्या पद्धतीचा लाभ अधिक. जो भरभर पण अर्थहीन बोलतो आणि ज्याला दुसऱ्याचे समजत नाही, त्याला तो फारसा होत नाही. हा निवाडा घरी करता येत नाही. तज्ज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारण्यात संकोच बाळगू नये. वाचाउपचारतज्ज्ञ घडवणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत आहे.

तज्ज्ञाने दिलेली आठ-दहा वाक्ये मग घरच्यांनी रोज, एकाच वेळी, एकाच चालीत म्हणवून घ्यावीत. दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटे, रुग्ण थकण्यापूर्वी थांबावे. चुकले तर हसू नये, शब्द त्याच्या तोंडातून ओढून घेऊ नये. अर्धे वाक्य आपण म्हणावे आणि थांबावे. आरती, हरिपाठ, पोवाडा यांत त्याला सामील करून घ्यावेच, कारण दिवसभर मुका राहिलेल्या माणसाला तेवढा वेळ इतरांच्या बरोबरीने आवाज असतो. आरती संपल्यावर मात्र तबक खाली ठेवून त्याच सुरात, त्याचा डावा हात धरून, विचारावे की पाणी पाहिजे का. आणि उत्तरासाठी थांबावे.